बंद दारापुढे ढोल

ऑक्टोबर आला की भाईंदरच्या खाडीचा वास बदलतो. पाऊस आटोपलेला असतो, मिठागरांच्या बांधांवरचा चिखल वाळायला लागतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर एक खारट, कुजका, ओळखीचा दर्प जेसल पार्कपर्यंत येऊन पोचतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही नाही लावत. इतकी वर्षं हा वास घेऊन माझं नाक सरकारी बाबूसारखं झालंय. हजर असतं, काम करत नाही.

यंदाही तो वास आला आणि त्याच्या पाठोपाठ मला राग आला. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब. बायको, नंदा, म्हणते, स्वभाव. मी म्हणतो, ऋतू. लोकांना मोसमी ताप येतो, मला मोसमी राग येतो. दसऱ्याच्या सुमारास चढतो, दिवाळीच्या फराळावर उतरतो. त्याचं मूळ एका ऑक्टोबरात आहे. तिकडे इस्राएल आणि गाझामधल्या लढाईला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. भाईंदरपासून तो मुलूख कुठल्या कुठे, मध्ये अख्खा अरबी समुद्र. तरी ती लढाई आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. जिना चढून आली, कारण लिफ्ट बंद होती. लिफ्ट अजून बंदच आहे. सेक्रेटरीही तेच आहेत.

आमच्या मजल्यावर तीन घरं आणि तिन्ही घरांच्या आडनावांना शेवटी ‘कर’. जिन्यासमोर आम्ही. डावीकडे रिबेकामावशी. उजवीकडे, म्हणजे मावशींच्या बरोबर समोर, शमीमभाभी. मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. अलिबागजवळ नागावला त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असायचा, म्हणून गाव त्यांना शनवारतेली म्हणायचं. शमीमभाभी श्रीवर्धनकडच्या कोकणी मुसलमान, नवरा मस्कतला नोकरीत. मावशी सांगायच्या, आमचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी गलबत फुटून किनाऱ्याला लागले. भाभी सांगायची, आमचे अरबस्तानातून गलबतानेच आले, पण आमचं फुटलं नाही. यावर दोघी खूप हसायच्या. आम्ही बौद्ध, महाडकडचे. आमचे कुठूनच आले नाहीत, होते तिथेच होते, फक्त गावाबाहेर होते. ज्या गावात आजोबांच्या नावावर पाय टेकण्यापुरती जमीन नव्हती, त्याच गावाचं नाव मी आडनाव म्हणून ऐटीत लावतो. जमिनीवरच्या हक्काचा माझा अभ्यास इथे सुरू होतो आणि इथेच संपतो.

पण हे कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कोण सांगणार? ईशाची सेमिस्टरची परीक्षा दसऱ्यानंतर होती आणि राज्यशास्त्राला ‘अरब-ज्यू संघर्षाची पार्श्वभूमी’ आठ मार्कांना येणार, अशी वर्गात हवा होती. ती पुस्तक घेऊन बसली की मला राहवत नाही. घरातला समजावून सांगणारा माणूस मी. कोणी विचारलेलं नसतं, हा भाग वेगळा.

“हे बघ,” मी म्हणालो, “एकच फ्लॅट दोन गिऱ्हाइकांना विकणारा बिल्डर आपल्या भाईंदरला नवा नाही. इंग्रज तोच. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांची मदत हवी होती, तेव्हा अरबांना सांगितलं, तुमचं राज्य देतो. ज्यूंना सांगितलं, तिथेच तुम्हाला घर देतो. आणि फ्लॅट बिल्डरच्या बापाचा नव्हताच.”

“पप्पा, आठ मार्काला बिल्डर लिहू?”

“लिही. आणि लिही की एक गिऱ्हाईक मागे जळतं घर टाकून आलं होतं. युरोपात त्यांची माणसं शतकानुशतकं मारली, शेवटी तर गाड्या भरभरून नेऊन मारली. त्याला कुठेतरी दार हवंच होतं.”

“आणि दुसरं गिऱ्हाईक?”

“ते आत राहत होतं,” नंदा स्वयंपाकघरातून म्हणाली. “चुलीवर भात होता त्याचा. फ्लॅट रिकामा नव्हता, हे आधी सांगा तिला.”

हे मी सांगणारच होतो. मग पुढचं सांगितलं. जगाच्या पंचायतीने नकाशावर रेघ मारली, ती एकाने मानली, दुसऱ्याने नाही, कारण दुसऱ्याला वाटलं, आमच्याच घरात आम्हाला हिस्सा कसला देता? लढाई झाली, राष्ट्र उभं राहिलं आणि लाखो अरब घरं सोडून निघाले. काही भीतीने, काहींना हाकललं. त्यानंतर अरब देशांमधल्या ज्यूंचीही घरं सुटली. पुढे आणखी लढाया, आणखी जमीन गेली, त्या जमिनीवर वसाहती, त्यांच्याभोवती भिंती, बसमध्ये बॉम्ब, तह, तहाचे मुडदे. आणि मग आदल्या वर्षीचा तो ऑक्टोबर, ज्यूंच्या सणाच्या सकाळी गाझातून आलेल्यांनी घराघरात शिरून माणसं कापली, ओलीस नेली. त्यानंतर वर्षभर गाझावर पडणारं आभाळ. ईशा लिहून घेत होती. माझा आवाज चढत गेला तसं तिचं पेन थांबलं.

“पप्पा, तुम्ही कोणावर ओरडताय? इथे मी एकटीच आहे.”

तेव्हा मावशी वालाचं बिरडं द्यायला म्हणून दारात आल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं असणार. वाटी टेबलावर ठेवून त्या बसल्या. गुडघे धरून बसायला त्यांना वेळ लागतो.

“मी गेले होते एकदा इस्राएलला, मामाकडे,” त्या ईशाला म्हणाल्या. “मामा एकोणीसशे पन्नासच्या सुमारास तिकडे गेला. सोन्याचा देश म्हणून गेला. तिथे आमच्या लोकांना विचारायचे, तुम्ही नक्की ज्यू का? लग्न लावायला नकार द्यायचे. मामा त्याच्यासाठी रस्त्यावर बसला होता. जिंकले ते शेवटी. त्याच्या घरामागे चालत गेलं की निवडुंगाचं कुंपण होतं. आपल्याकडे असतं तसंच. मी म्हटलं, अरे, हे तर आपलं नागाव. पण कुंपण होतं, घर नव्हतं. दगड पडलेले, एक अंजिराचं झाड. मामाला विचारलं, हे कोणाचं रे? तो म्हणाला, चल, ऊन लागेल.”

“मग?” ईशाने विचारलं.

“मग काय, ऊन लागेल म्हणाला, आले परत. हे तुझ्या पेपरात लिहू नकोस.”

मला त्या मामाचाही राग आला आणि त्याची दयाही आली. ज्याला स्वतःला दारात अडवलं, त्याला मागच्या अंगणातलं कुंपण दिसत असणार. रोज दिसत असणार. माणूस कितीदा म्हणेल, चल, ऊन लागेल?

मावशींचा मुलगा इस्राएलमधल्या अश्दोदला, नातू तिथल्या फौजेत. मुलगा दर शनिवारी संध्याकाळी फोन करायचा, आई, फ्लॅट विक आणि इकडे ये. मावशी म्हणायच्या, येईन. जायच्या नाहीत. साखरेचा आजार, हात थरथरायचे, बोटाला सुई टोचून साखर बघणं त्यांना जमायचं नाही. रोज सकाळी शमीमभाभी यायची, बोट टोचायची, आकडा बघून रागवायची, “मौशी, परत केळं खाल्लंत.” मावशींच्या घराची दुसरी किल्ली तिच्याकडेच. मावशी भाईंदरला एकट्या राहू शकत होत्या ते समोरच्या त्या दारामुळे. ते दार बंद झालं की मावशींना जावंच लागणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

आणि त्या ऑक्टोबरात ते दार बंद झालं. बोट टोचून झाल्यावर भाभीने एका सकाळी मोबाइल पुढे केला. गाझातली कुठलीशी मुलगी, अंगभर धूळ. आमचं दार उघडं होतं, मला ऐकू आलं.

“हे बघा मौशी. माझ्या झोपेत येते ही.”

मावशींनी बघितलं. मग म्हणाल्या, “माझा नातू तिथे आहे.”

“तेच तर विचारते. तुमचा नातू तिथे काय करतो?”

“त्याला विचारून नाही नेला.”

“या पोरीला पण विचारून नाही मारली.”

मावशी उठून आत गेल्या. दुसऱ्या सकाळी भाभी आली नाही. तिसऱ्या सकाळीही नाही. नंदा टोचायला गेली तर मावशी म्हणाल्या, “राहू दे, करते माझी मी.” त्यांची बोटं काळीनिळी झाली. दोन दारं, मध्ये चार पावलांची फरशी, आणि त्या फरशीवरून आम्ही मांजरासारखे जायला लागलो.

हे दुःख होतं. राग यायचा होता, तो सोसायटीच्या ऑफिसात आला. सेक्रेटरी सावंत यांनी मीटिंग बोलावली. ठराव असा, की दसऱ्याच्या सकाळी रिबेकामावशींचा त्यांच्या दारात जाहीर सत्कार करायचा. बॅनर, हार, ढोल आणि मोबाइलवर शूटिंग.

“मानपत्र तुम्ही लिहायचं, विलासराव,” सावंत म्हणाले. “शूर राष्ट्राची वीरमाता, वगैरे. तुमच्याकडे शब्द आहेत.”

“त्या नागावच्या आहेत, सावंत. तुमचं आणि त्यांचं राष्ट्र एकच आहे.”

“तेच म्हणतोय. आपली ज्यू आहे ती.”

“पाण्याची तक्रार घेऊन आली होती तेव्हा कोण ही बाई म्हणालात. आता आपली?”

“जुनं काढू नका. मेसेज गेला पाहिजे.”

“कोणाला?”

सावंतांनी नुसतं छताकडे बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या दिशेने. “ज्यांना जायचा त्यांना.”

मी ताडकन उठलो. माझ्याबरोबर प्लास्टिकची खुर्चीही उठली, कारण तिचे हात माझ्या कमरेला घट्ट बसले होते. माणसाने संतापून उभं राहावं आणि त्याला मागून खुर्ची चिकटलेली असावी, यापरता दैवदुर्विलास नाही. तरी मी बोललो. म्हणालो, तुम्हाला मावशींचं प्रेम नाही, भाभीचा द्वेष आहे. तिकडे माणसं मरतायत आणि तुम्हाला त्यांच्या मढ्यावरचा हार इथे आणून कोणाला तरी खिजवायचंय. दोघांनी खुर्ची ओढून काढली. मग मी शेवटचा मुद्दा मांडला, “आणि दसऱ्याच्या दिवशी त्यांची दारफळणी आहे. दार लावून उपास करतात, कोणाशी बोलत नाहीत.”

“मग तर उत्तमच,” सावंत म्हणाले. “घरी सापडतील.”

दारफळणीचा सण म्हणजे दारं लावून घेण्याचा सण. जगभरचे ज्यू तो उपास करतात, पण कोकणात त्यांच्या बायकांनी त्याला हे नाव दिलं. पांढरं नेसायचं, दार लावायचं, बाहेरच्या कोणाला भेटायचं नाही. पूर्वी समजूत होती की त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात. मावशी आधी त्या दिवशी ठाण्याच्या मशिदीत जायच्या. जुन्या बेने इस्राएली बायका प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. गुडघे गेल्यापासून त्या आपल्या आजीसारख्या घरातच दार लावून बसत. चंद्राचा हिशोब असा, की त्यांची दारफळणी बहुतेकदा आपल्या दसऱ्याच्या आगेमागे येते. त्या साली नेमकी दसऱ्यालाच आली. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिनही तोच. मजल्यावर दोन घरं पांढऱ्या कपड्यांत आणि खाली सोसायटीत झेंडूचा ढीग.

सत्काराचं मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “येऊ देत. दार लावलेलं दिसेल, जातील.” लावलेलं दार माणसाला दिसतं, असा त्या बाईचा अजून विश्वास होता. आमच्या सोसायटीत लावलेलं दार म्हणजे बेल दाबायची जागा.

आदल्या संध्याकाळी, दार लावायच्या आधी, त्या पांढऱ्या साडीत आमच्याकडे आल्या. दरवर्षी यायच्या. वर्षभरात काही बोलले-चालले असेन तर माफ करा, म्हणायच्या. मी म्हणायचो, तुम्ही नाही, आम्हीच. नंदा म्हणायची, हे मात्र खरं. मग त्या भाभीच्या दारी जायच्या. त्या दिवशी त्या फरशीवर मध्येच उभ्या राहिल्या. भाभीचं जाळीचं दार ओढलेलं होतं, आत शिट्टी होत होती कुकरची.

“जा ना,” मी म्हणालो.

“काय म्हणू, विलास? माफी आपण केल्याची मागायची असते. मी जे केलं नाही त्याची मागितली तर ती खोटी. नाही मागितली तर तिला वाटेल मला काहीच वाटत नाही.” त्यांनी बेलकडे हात नेला आणि खाली घेतला. “ही अशी माफी आमच्या पुस्तकात नाही रे.”

मग त्या घरात गेल्या आणि कडी लावल्याचा आवाज आला.

सकाळी गोडदेवच्या विहारातून आम्ही वंदना करून परतलो तेव्हा जिन्यात ढोल चढत होता. तिसऱ्या मजल्यावर ती फरशी माणसांनी भरून गेली. सावंतांनी बेल दाबली. पुन्हा दाबली. मग ढोलवाल्याला खूण केली. त्या चिंचोळ्या जागेत ढोल म्हणजे छातीत बुक्क्या. कोणीतरी दारावर थापा मारायला लागलं. “मावशी, उघडा. आम्ही सगळे आलोय.” मी पुढे घुसून म्हणत होतो, अहो थांबा, थांबा. कोणी माझ्या हातात हार दिला ते कळलंच नाही. पांढरे कपडे आणि हातात हार. शूटिंगमध्ये मीच प्रमुख पाहुणा दिसतो, असं नंतर कळलं.

तेवढ्यात उजवीकडची जाळी सरकली. शमीमभाभी बाहेर आली, ओढणी डोक्यावर घेत. सरळ गर्दीतून जाऊन मावशींच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

“आज नाही उघडणार,” ती म्हणाली. “त्यांचा बंद दाराचा दिवस आहे.”

ढोल थांबला.

“तुमचं काय काम इथे?” सावंत म्हणाले.

“किल्ली माझ्याकडे आहे. म्हणून माझं काम.”

“किल्ली तुमच्याकडे? मग उघडा ना.”

“उघडता येतं म्हणून उघडायचं काय, सावंतभाई?”

इतिहासाची सगळी पुस्तकं वाचून मला जे ईशाला सांगता आलं नव्हतं, ते असं समोर उभं होतं आणि त्यावर शांत व्हायचं सोडून गर्दी कुजबुजायला लागली. किल्ली हिच्याकडे कशी? म्हातारी आवाज का देत नाही? आत बरी आहे ना? मागून कोणी म्हणालं, “काय भरोसा यांचा. पोलिसांना बोलवा.” भाभीचा चेहरा पांढरा पडला. आतली म्हातारी साखरेची, कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि कित्येक दिवसांत आपण तिचं बोट टोचलेलं नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? मावशी बऱ्या आहेत का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. तरी ती सरकली नाही. आणि मी, शब्दांचा माणूस, “अहो, अहो” एवढेच दोन शब्द म्हणत होतो.

कडी वाजली.

दार उघडलं तशी भाभी मागे पडता पडता वाचली. मावशींनी तिला दंडाला धरलं होतं. त्यांचे ओठ सुकलेले, केस मोकळे. त्या साली उपासाच्या दिवशी त्यांनी कोणाशी न बोलण्याचा नेम मोडला, तो असा.

“माझी माणसं आली आहेत घरात,” त्या सावंतांना म्हणाल्या. “आई आहे, आजी आहे, नवरा आहे. त्यांच्या कानाशी ढोल वाजवलात.”

“मावशी, आम्ही तर तुमच्या बाजूने...”

“माझी बाजू कुठली, ती तुम्ही ठरवणार? माझा नातू बंदूक घेऊन उभा आहे आणि मी रोज देवाला म्हणते, त्याच्या हातून काही होऊ नये आणि त्यालाही काही होऊ नये. ही माझी बाजू. आहे तुमच्याकडे त्याचा हार? नसेल तर खाली उतरा.”

मग त्या भाभीकडे बघून म्हणाल्या, “हिला पोलीस दाखवता?”

“मौशी, आत जा. चक्कर येईल,” भाभी म्हणाली.

“तू चल.”

“आज? आज कोणी येत नसतं.”

“दार तर मोडलंच. चल आत.”

भाभी क्षणभर उंबऱ्याकडे बघत राहिली. मग चपला काढून आत गेली. दार लागलं, कडी बसली. सावंत म्हणाले, “चला, खाली आरती आहे.” जिन्यातून ढोल उतरला, तो न वाजता उतरला. माझ्या हातात हार राहिला. तो मी नंदाला दिला. तिने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि डब्यावर झाकण दाबून बसवलं, जणू आतून तो बाहेर येईल.

लोक विचारतात, तुला एवढा राग कशाचा? मरणाऱ्यांचा नाही, त्यांचं फक्त दुःख होतं. मारणाऱ्यांचा येतो, पण ते माझ्या रागाच्या टप्प्यात येत नाहीत. माझा राग प्रेक्षकांवर आहे. ज्यांचं त्या मातीत काही पुरलेलं नाही, ज्यांचं कोणी तिथे उभं नाही, आणि जे इथे पंख्याखाली बसून मेलेल्यांचे रन मोजतात. दोन्ही बाजूंचे आहेत. इकडच्या मोबाइलवर एक टाळी, तिकडच्या मोबाइलवर दुसरी. आम्हा गावाबाहेरच्यांना हे जुनं ओळखीचं आहे. पाणवठ्यावर मारामारी व्हायची तेव्हाही कठड्यावर बसून बघणारे असायचेच, आणि तेच सांगायचे की कोणाची बाजू शूर आहे.

दुपारी जेवण गेलं नाही. भिंतीपलीकडून आवाज येत होते. आधी हळू, मग चढे. नंदा म्हणाली, “भांडतायत.” खरंच भांडत होत्या. “तुम्ही बोलत का नाही नातवाला,” हे भाभीचं. “बोलते. रोज बोलते,” हे मावशींचं. मध्ये एकदा काहीतरी आपटलं. मग “आणि त्या सणाच्या सकाळी ज्यांना मारलं, त्यांचं नाव तू एकदा तरी घेतलंस?” मग रडणं, कोणाचं ते कळेना. मग पुन्हा भांडण. ईशा पुस्तक मिटून भिंतीला कान लावून बसली होती. मी तिला उठवलं नाही.

उन्हं गेली, खाडीकडून वारा सुटला. मावशींचा उपास तीन चांदण्या दिसल्यावर सुटतो, आणि भाईंदरच्या आभाळात तीन चांदण्या शोधायच्या तर गच्चीवर जावं लागतं. मी गेलो, शोधल्या, एक बहुधा विमान होतं, पण मोजलं. खाली येऊन दारावर टकटक केली. शमीमभाभीने उघडलं. डोळे सुजलेले, ओढणी खांद्यावरून घसरलेली. आत मावशी खुर्चीत पाणी पीत होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“मिटलं?” मी हळूच विचारलं.

“नाही,” भाभी चपला शोधत म्हणाली. “अजून अर्धंच बोलून झालंय. बाकीचं उद्या.”